सुरवंट आणि त्यांचे खाद्य

पावसाळ्यात गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून एक तक्रार हमखास ऐकू येते : शेवग्यावर सुरवंट झाले, झाड तोडा. हे तपकिरी, दाट केसांचे सुरवंट दिवसा बुंध्यावर एकमेकांना बिलगून बसतात व रात्री वर चढून पाला खातात. पुढे ते मातीत कोष करतात आणि त्यातून पिवळसर पतंग निघतो.

सुरवंट ओळखताना तो कोणत्या झाडावर आहे, हे आधी पाहावे. अर्थात ही खूण सर्वत्र पुरी पडत नाही. एरंडावरील काळा, लांब केसांचा सुरवंट केळ, भोपळा, तीळ यांवरही ताव मारतो. रुईवरील पट्टेरी अळी मात्र केसाळ नसते. तिच्या अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात, आणि बिचारी विनाकारण चिरडली जाते.

सुरवंटाचे केस त्वचेत रुतून आग होते. तेथे चोळू नये. चिकटपट्टी लावून केस उचलावेत, नंतर साबणाने धुवावे. डोळ्यात केस गेल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

झाडावर कुऱ्हाड चालविणे हा उपाय नव्हे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार त्यास परवानगी लागते. दिवसा बुंध्यावर जमलेला पुंजका लांब काठीच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडला की बहुतेक काम भागते. उरलेल्यांचा समाचार पावसाबरोबर येणारा चातक घेतो. केसाळ सुरवंट हे त्याचे आवडते खाद्य. तो चोचीत दाबून त्याचे आतडे बाहेर काढतो आणि मगच गिळतो.