कोरा सूर

(वसंत व्याख्यानमाला, सोलापूर. भाषणाचं शब्दांकन.)



बाहेर अजून झळा आहेत, तरी तुम्ही इतके जण आलात. मागच्या रांगांत कॉलेजची मुलंमुली दिसताहेत, काहींच्या पाठीला गिटारच्या बॅगा आहेत. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. पण ज्यांच्या घरात एखादी मुलगी रात्री अकरा वाजता हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसते, त्या आईवडिलांनीही ऐकावं, म्हणजे ती काय करते आहे ते कळेल.

आधी एक आवाज ऐका. (गिटारची तार छेडतात.) ही इलेक्ट्रिक गिटार सरळ संगणकाला जोडली आहे. मध्ये अँप्लिफायर नाही, पेडल नाही. बारीक, कोरडा, थोडा टोचणारा आवाज. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हा पहिल्यांदा ऐकतात तेव्हा म्हणतात, "सर, काहीतरी बिघडलंय." काही बिघडलेलं नाही. हे कोरं सूत आहे.

कोरं सूत म्हणजे काय, हे या गावात समजावून सांगावं लागत नाही. आपल्या चादरीचं सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. एकदा लाल झालेला धागा पुन्हा पांढरा होत नाही. अँप्लिफायरसमोर माइक ठेवून गिटार मुद्रित केली की तसंच होतं. त्याची घरघर, खोलीचा घुमारा, सगळं सुरात मुरतं आणि वेगळं काढता येत नाही. कोरा सिग्नल जपला तर आज त्याच्यावर एक रंग चढवा, सहा महिन्यांनी दुसरा. संगणकातला अँप्लिफायर बदलला तरी वाजवणं तेच राहतं. त्यात तुमच्या बोटांनी जे केलं, ते चुकांसकट शाबूत असतं. मला त्याचं मोल फार वाटतं.

मात्र कोऱ्या सुताला गाठी नकोत. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज उमटते. ही वीज नाजूक असते, ती ओढून घेतलेली पिकअपला सोसत नाही. नळाला पाणी आलं की खालच्या मजल्यावर कोणी तोटी पूर्ण सोडतं आणि वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण दहा हजार ओहमचा असतो. पिकअपसाठी ती पूर्ण सोडलेली तोटी आहे. गिटारला सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, म्हणजे जेमतेम ठिबकणारा नळ. गिटार संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' असं बटण असतं, ते याचसाठी. ते दाबलं नाही तर सुराचा वरचा भाग, तारेची चमक, आधी मरते. मी सुरुवातीची दोन वर्षं लाइन इनपुटलाच गिटार लावत होतो आणि आवाज मंद येतो म्हणून तारा बदलत होतो. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून आज सांगतोय.

गेन, म्हणजे मुद्रणासाठी सिग्नल किती वाढवायचा, त्याबद्दल थोडक्यात. सगळ्यात जोरात जे वाजवणार असाल ते वाजवून बघा, आणि काटा वरच्या मर्यादेच्या बारा डेसिबल खाली राहील एवढंच ठेवा. डिजिटल मुद्रणात ही मर्यादा म्हणजे शून्य, त्याच्या वर काही नसतं, तिथे सूर सरळ कापला जातो. चोवीस बिटांच्या मुद्रणात हळू आवाजही स्वच्छ उतरतो, तेव्हा घाई करून वर नेऊ नका.

घरघरीला मात्र वेळ द्यायला हवा. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि तो हेलकावा पिकअप ऐकतो, कारण तो मुळात चुंबकीय बदल ऐकण्यासाठीच बनलेला आहे. ज्या घरात अर्थिंग नावापुरतं आहे, भिंतीपलीकडे मोटर चालू आहे, तिथे एकाच गुंडाळीचा पिकअप गुणगुणतोच. १९५५ साली गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून हे गुणगुणणं एकमेकांत खोडून टाकलं. त्या पिकअपचं नाव हंबकर. तो नसेल तर खुर्ची फिरवा, संगणकाच्या पडद्यापासून लांब बसा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कारण पुढे संगणकात डिस्टॉर्शन लावलंत की तारेबरोबर घरघरही फुगते.

आता लेटन्सी, म्हणजे उशीर. संगणक सूर थेंबाथेंबानं घेत नाही, घागर भरली की उचलतो. त्या घागरीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर असेल, तर एक घागर भरायला २.७ मिलिसेकंद लागतात. यायला एक, जायला एक, शिवाय थोडा वरखर्च. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे अँप्लिफायरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहण्यासारखं झालं. बोटांना ते खटकत नाही. बफर १०२४ केला की मात्र ताल सुटतो. विंडोजवर वाजवणाऱ्यांनी इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर वापरावा, तो नसेल तर हा उशीर सहसा आटोक्यात येत नाही.

इथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर सूर सूरच राहतो, फक्त रंगतो. दुसऱ्या वाटेवर गिटारनं संगणकातली बासरी, व्हायोलिन, पियानो वाजवायचा. त्यासाठी सॉफ्टवेअर कोरा सिग्नल ऐकून सूर ओळखतं आणि मिडीची आज्ञा लिहितं. अमुक स्वर, इतक्या जोरानं, इथे सुरू, इथे बंद. १९८३ पासून चालत आलेली ही भाषा आहे. तिच्यात आवाज नाही. जॅकार्ड मागाचं भोकाभोकांचं कार्ड हातात घेऊन बघा, त्यात सूत नसतं, रंग नसतो. कुठला धागा उचलायचा, एवढंच असतं. चादर माग विणतो. मिडी हे ते कार्ड आहे.

कार्ड लिहिण्याआधी सूर ओळखावा लागतो, आणि तिथे निसर्गच आडवा येतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला ८२. एक कंपन पुरं व्हायला बारा मिलिसेकंद, आणि ओळख पटायला निदान दोन कंपनं हवीत. कितीही महागडा संगणक घ्या, तार हलण्याआधी तिचा सूर कळणार नाही. बारीक तारेवर हेच काम चारपट लवकर होतं. म्हणून मी मुलांना वरच्या तारांवर वाजवायला सांगतो, आणि खर्जाचा सूर हवा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये सप्तक खाली घ्यायला.

मींड, म्हणजे सूर न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं, हा यापेक्षा अवघड प्रश्न आहे, आणि आपल्या संगीतासाठी सगळ्यात महत्त्वाचा. या मूळ मिडीत सूर वाकवण्याची आज्ञा आहे, पण ती पूर्ण चॅनलला लागू होते. एका चॅनलवर तीन तारा वाजत असतील आणि तुम्ही एकच ओढली, तर तिन्ही वाकतात. १९७७ साली रोलँड कंपनीचा जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर आला, तेव्हापासून प्रत्येक तारेला वेगळा पिकअप देण्याची रीत आहे, ती अजून उपयोगी पडते. सहा तारा, सहा चॅनल. दुसरं, संगणकातल्या बहुतेक वाद्यांत वाकण्याची मर्यादा दोन अर्धस्वर ठेवलेली असते. सा वरून म पर्यंत जायला पाच अर्धस्वर लागतात. सूर ओळखणारं सॉफ्टवेअर आणि हे वाद्य, दोन्हीकडे ही मर्यादा बारा करा, सारखीच करा, नाहीतर मींड भलत्याच सुरावर उतरेल.

मींड साधली तरी झणकार उरतोच. शेजारच्या मिरजेत सतारीची जवारी काढणारे कारागीर घोडी घासत घासत सुरात झणकार आणतात. त्या झणकारात मूळ सुरापेक्षा उपस्वर जास्त बोलतात. कान तृप्त होतो, सॉफ्टवेअर गोंधळतं. मिडीच्या कार्डावर हा झणकार लिहायला जागाच नाही. म्हणून माझा आग्रह असा, की बासरी वाजवा, व्हायोलिन वाजवा, पण त्याच वेळी कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होऊ द्या. कार्ड हरवलं तरी त्या ट्रॅकवरून पुन्हा लिहिता येईल. हात पुन्हा तसाच पडत नाही.

आता वाजवून दाखवतो. पहिल्यांदा कोरा, मग तोच अँप्लिफायरच्या रंगात, मग सारंगीच्या आवाजात एक लांब मींड. पंख्यांच्या रेग्युलेटरची घरघर पिकअपमध्ये येते आहे, म्हणून पाच मिनिटं पंखे बंद करायची विनंती करतो. उकडेल, मला माहीत आहे. मागच्या मुलांनी पुढे यावं, इथे खाली जागा आहे.