वृद्धाश्रमातील शुश्रूषा आणि सुरक्षितता



वसमतचे नाव मराठवाड्यात हळदीसाठी सर्वत्र परिचित आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि वसमत तालुका त्यात समाविष्ट झाला. इतर अनेक तालुक्यांप्रमाणे येथीलही तरुण पिढी शिक्षणासाठी व रोजगारासाठी मोठ्या शहरांकडे जाते. घर आणि शेत सांभाळत मागे राहिलेले आईवडील चालतेफिरते असतात, तोवर अडचण जाणवत नाही. परंतु खुब्याचे हाड मोडले, पक्षाघात झाला किंवा स्मृती ढासळू लागली, म्हणजे त्यांना उठवावे कोणी, भरवावे कोणी, हा प्रश्न उभा राहतो आणि वृद्धाश्रमाची चौकशी सुरू होते.

ही चौकशी बहुधा इमारतीची आणि शुल्काची असते. खरा प्रश्न वेगळाच आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाने रात्री दोन वाजता हाक मारली, तर ती कोणाला ऐकू जाते? संस्थेची खरी कसोटी या एका प्रश्नात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळपास होते. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या कुटुंबांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

कायद्याची चौकट

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा अधिनियम २००७ साली संमत झाला. मुलांकडून चरितार्थाची रक्कम मिळविण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. याच अधिनियमाच्या कलम १९ कडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद त्यात असून, अशा आश्रमांतील सेवांचे व वैद्यकीय मदतीचे मानक ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास दिलेला आहे. केंद्र शासनाने राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श नियमांत प्रत्येक निवासीमागे शयनकक्षात साडेसात चौरस मीटर जागा, स्त्री-पुरुषांची स्वतंत्र व्यवस्था, अपंगांना वापरता येतील अशी शौचालये, उतरते मार्ग, हाताला आधार देणारे कठडे आणि आजारी व्यक्तींसाठी वेगळी खोली यांचा उल्लेख आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आजारी, जखमी किंवा विकल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर औषधोपचार व शुश्रूषा करणारी जागा शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या अधिनियमाच्या कक्षेत येते. केवळ निवास व भोजन देणारी संस्था आणि खाटेवरील रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था या दोन्ही एकच नव्हेत. फलकावर वृद्धाश्रम लिहिले असले, तरी आत कोणते काम चालते हे पाहूनच नोंदणीचा विचार झाला पाहिजे.

लहान चुका, मोठी हानी

वृद्धाश्रमातील अपघात बहुधा साध्या गोष्टींतून घडतात. न्हाणीघरातील ओली फरशी, शौचालयाच्या वाटेवरचा अंधार, उंबरठा आणि सैल चप्पल ही पडण्याची नेहमीची कारणे होत. भिंतीला एक आडवी दांडी आणि रात्रभर जळणारा एक लहान दिवा, एवढ्याने कित्येक हाडे मोडण्यापासून वाचतात.

दुसरा धोका अंथरुणातील जखमांचा. एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिल्याने माकडहाड, खुबा व टाचा येथील त्वचेचा रक्तपुरवठा खुंटतो आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे आणि त्वचा रोज तपासणे हा त्यावरील उपाय होय. त्याला यंत्र लागत नाही, माणूस लागतो.

औषधांचेही तसेच आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांची गोळी चुकून दोनदा दिली गेली, तर प्राणावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक गोळीची नोंद ती देणाऱ्याच्या सहीनिशी त्याच वेळी व्हावयास हवी. गिळण्यास त्रास होणाऱ्या व्यक्तीला बसते करूनच भरवावे. वृद्धांना तहान कमी जाणवते. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांनी मागण्याची वाट न पाहता पाणी दिले पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोविडची लागण झाली. एकत्र निवासात संसर्ग किती वेगाने पसरतो, याचा तो धडा होता.

रात्रीची वेळ

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षास मध्यरात्रीनंतर आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागली. ही रुग्णालये होती, वृद्धाश्रम नव्हेत. परंतु दोन्ही ठिकाणचे जीव स्वतः उठून बाहेर पडू शकणारे नव्हते आणि वेळ रात्रीची होती. खाटेवरील वृद्धांची स्थिती याहून निराळी नसते. तेव्हा विजेच्या तारांची तपासणी, मोकळी दारे, आग विझविण्याची साधने आणि कोणाला कोणी उचलावयाचे याचा ठरलेला सराव यांना पर्याय नाही. रात्री एकच सेवक आणि दाराला बाहेरून कुलूप, अशी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे.

तक्रार करणार कोण?

या सर्वांहून अवघड गोष्ट अशी की, वृद्धाश्रमातील वृद्ध सहसा तक्रार करीत नाही. ज्याच्या हातून पाणी प्यावयाचे, त्याच्याविरुद्ध बोलावयाचे कसे? स्मृती गेलेल्याला तर सांगताही येत नाही. त्यामुळे ‘तक्रार नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा लावणे ही मोठी चूक ठरते. सेवकांवर सर्व दोष टाकणेही न्याय्य नाही. तुटपुंज्या वेतनावर, प्रशिक्षणावाचून, दिवसरात्र राबणाऱ्या माणसाकडून मायेची अपेक्षा फार काळ पुरी होत नाही.

यावरचा उपाय बाहेरच्या डोळ्यांचा आहे. अधिकाऱ्यांनी तपासणी पूर्वसूचना न देता आणि कधी तरी रात्रीही करावी. कागदपत्रांआधी खाटेवरील माणसाच्या टाचा पाहाव्यात. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातून आश्रमात गेलेल्या वृद्धांची यादी ठेवून त्यांना महिन्यातून एकदा भेटावे व त्यांच्याशी सेवकांच्या अनुपस्थितीत बोलावे. शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा फळे वाटण्यासाठी न नेता, पत्रे लिहून देण्यासाठी व वर्तमानपत्र वाचून दाखविण्यासाठी नेमाने न्यावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या साहाय्य क्रमांकाचा फलक खाटेवरून दिसेल अशा जागी असावा.

ज्याच्याकडे नियमाने कोणी येते, त्याची हेळसांड करणे सोपे नसते. आश्रमात पोहोचविलेला वृद्ध गावाच्या यादीतून कमी होत नाही. तो वसमतचा असेल, तर वसमतचाच राहतो आणि त्याच्या रात्रीच्या हाकेची जबाबदारीही काही अंशी वसमतचीच राहते.