गाठ बदलते, गोळीही बदलते

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. फुप्फुसाचा कर्करोग असेल तर कधी कधी दुसऱ्यांदा तुकडा तपासायला सांगतात. नातेवाईक वैतागतात, ‘एकदा झालंय ना?’ झालंय, पण गाठ तीच राहिलेली नसते.

गाठीचं झाड असतं म्हणा. पहिला जनुकीय बिघाड खोडातला, तो सगळ्या पेशींत. पुढचे एकेका फांदीपुरते. लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं २०१७ मध्ये शंभर रुग्णांच्या गाठी जागोजागी तपासून हेच दाखवलं.

ईजीएफआर या जनुकातला बिघाड हा असाच एक खोडातला. त्यावर गेफिटिनिब, रोज एक गोळी. खोकला हटतो, दम कमी लागतो. पण बहुधा वर्षभरात गोळीला न जुमानणाऱ्या पेशी वरचढ होतात. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत टी-७९०-एम हा नवा बिघाड सापडतो. मग ओसिमर्टिनिब हे दुसरं औषध चालतं. हा नवा बिघाड कधी कधी रक्तातूनही कळतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ३५० रुग्णांवर पाहिलं: नुसत्या गेफिटिनिबनं आजार साधारण ८ महिने थोपवला, जोडीला केमो दिल्यावर १६. दुष्परिणाम मात्र वाढले. माझ्या मते, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे झेपेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं.

आणि तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक मिळाला, तर तो फाईलसोबत जपून ठेवा. पुढच्या तपासण्यांना लागतो.