माझा गोट्यांचा छंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण)



सचिवांनी मला बजावलंय, “काका, दहा मिनिटं बोला, पण हिशोबावर बोलू नका.” पंचवीसपैकी बारा वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे त्यांची भीती रास्त आहे. म्हणून आज दगडांवर बोलतो. हिशोब मधूनमधून येईल, त्याला इलाज नाही. सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या काकू गेल्या, हे आपणा सर्वांना माहीत आहे. त्या वेळी तुम्ही केलेलं मी विसरलेलो नाही. पण महिना-दोन महिन्यांनी ज्याचा तो आपल्या कामाला लागतो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र संध्याकाळी घरात थांबू शकायचो नाही. बिंदुसरेच्या काठाने फिरायला जायचो. खाली मान घालून चालणाऱ्याला काय दिसणार? गोटे दिसायचे. एखादा दुधी, एखादा विटकरी, एखाद्यात कांद्यासारखे पदर. खिशात घालून आणायचो. पुण्याहून लेक आली तर गॅलरीत दगडांचं घमेलं भरलेलं. ती काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात तिने पार्सलने एक यंत्र पाठवलं. त्याला टंबलर म्हणतात. आमच्या भाच्याला वाटलं, ताक प्यायचा पेला आला.

यंत्र साधं आहे. एक मोटर, दोन फिरते दांडे आणि त्यावर आडवा ठेवलेला रबरी डबा. डब्यात पाऊण भाग गोटे, ते जेमतेम बुडतील एवढं पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पावडर, कारखान्यात जिला कार्बोरंडम म्हणतात ती. डबा फिरत राहतो आणि दगड एकमेकांवर घसरत झिजतात. आठवडाभर भरड पावडर, मग मध्यम, मग बारीक आणि शेवटी पॉलिशची. म्हणजे सुमारे महिनाभराचं काम. नदीला जे करायला शेकडो वर्षं लागतात, ते महिन्यात.

पहिल्या खेपेला मी ज्या चुका केल्या, त्या क्रमाने सांगतो.

पहिली चूक काटकसरीची. पावडर महाग, म्हणून निम्मीच टाकली आणि उरलेली भर बांधकामाच्या वाळूने केली. दुसरी चूक घाईची. एक टप्पा संपला की डबा आणि दगड नीट घासून धुवायचे असतात. मी नळाखाली वरवर विसळून पुढची पावडर टाकली. भरड पावडरीचा एक कण जरी मागे राहिला, तरी पॉलिशच्या वेळी तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो. तिसरी चूक रात्रीची. यंत्र अखंड चालू ठेवायचं असतं असं वाचलं होतं, म्हणून ते रात्रभर चालायचं. पत्र्याच्या डब्यात हरभरे घोळवावेत तसा आवाज. मला त्याचा त्रास नव्हता. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. घरात काहीतरी चालू आहे असं वाटायचं आणि झोप लागायची.

पण माझ्या फरशीखाली गुरुजींचं छत आहे. भूगोल शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस. एकदा जिन्यात म्हणाले, “साहेब, रात्रीला काय फिरतंय वर? आमच्या हिला झोप नाही.” मी म्हणालो, “बघतो.” आणि बघितलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा लेखी अर्ज सचिवांकडे गेला. मला राग आला. मी या सोसायटीचा माजी खजिनदार आणि माझ्याविरुद्ध अर्ज! गुरुजींशी बोलणं बंद केलं. समोरून आले की मी मोबाइल काढायचो.

चौथी चूक सर्वांत मोठी.

माझे सासरे पाटोदा तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी शेतात विहीर खणली. सुरुंग लावून काळा दगड फोडताना एका पोकळीतून पांढरेशुभ्र, चकाकणारे खडे निघाले. त्यातला एक सुपारीएवढा खडा तुमच्या काकूंनी ठेवून घेतला. १९७६ साली लग्न होऊन आल्या तेव्हा तो सोबत आला आणि पुढे कायम देवघराच्या फळीवर राहिला. मला वाटलं, सगळ्यांबरोबर हाही चमकेल. मी तो डब्यात टाकला.

महिन्याने डबा उघडला. माझी वही सांगते, आत गेले १ किलो २०० ग्रॅम, बाहेर आले ९१० ग्रॅम. काही गोटे बोथट, सगळे मंद आणि ओरखडलेले. पांढरा खडा कुठेच नव्हता. सगळा गाळ बोटांनी चाळला. तांदळाच्या कणीएवढाही सापडला नाही. हताश होऊन मी तो राखाडी गाळ न्हाणीघरात ओतला आणि वर दोन बादल्या पाणी टाकलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या न्हाणीत पाणी तुंबलं. प्लंबरने पाइप उघडला, तर आत सिमेंटसारखा थर. प्लंबर मोठ्याने म्हणाला, “हे काय दगड दळून टाकलं का राव कुणी?” जिन्यात सात-आठ जण उभे होते. सगळ्यांना कळलं आणि कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी खाली गेलो. प्लंबरचे पैसे देऊ लागलो तर गुरुजी म्हणाले, “ते राहू द्या. आधी सांगा, त्यात काय शोधत होतात? रात्री बारापर्यंत वर बेसिनमध्ये काहीतरी चाळल्याचा आवाज येत होता.” त्यांना माझा सगळाच आवाज ऐकू येतो, हे तेव्हा लक्षात आलं. मी खड्याचं सांगितलं. सांगताना नीट बोलता आलं नाही. गुरुजींच्या मंडळींनी चहा ठेवला.

मग गुरुजींनी जे समजावलं, ते मी तुम्हाला सांगतो. आपल्या बालाघाटाचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यात पाणी झिरपलं आणि पाण्यात विरघळलेली द्रव्यं आत थरावर थर साठली. कुठे गारगोटी झाली, कुठे अकीक, तर कुठे मऊ खनिजं. काळा दगड झिजून माती होतो, पण गारगोटी आणि अकीक टिकतात आणि नदीत येतात. कठीणपणाच्या दहाच्या मापावर गारगोटी आणि अकीक साताच्या आसपास. पांढरा खडा बहुधा कॅल्साइटचा, म्हणजे तीन. “साताच्या संगतीत तीन किती टिकणार, साहेब?” वाळूही मुख्यतः गारगोटीचाच चुरा, म्हणजे तीही सातच. तिने अकीक कापला जात नाही. कार्बोरंडम नवाच्या वर, म्हणून ते कापतं. माझी काटकसर पहिल्या दिवशीच वाया गेली होती.

ओळखायची रीत सोपी आहे. पोलादी चाकूच्या टोकाने ओरखडा काढून पाहायचा. दगडावर चरा उठला तर तो मऊ, डब्यात टाकायचा नाही. दोन मिनिटांचं काम. ते मी आधी केलं असतं तर आज खडा फळीवर असता.

दुसरी खेप आम्ही दोघांनी लावली. गुरुजी दगड पारखतात, मी वजनं आणि तारखा लिहितो. टप्प्याटप्प्याला जुन्या टूथब्रशने प्रत्येक गोटा घासतो. आत वायू साठू नये म्हणून रोज एकदा झाकण उघडतो. गाळ बादलीत निवू देतो आणि वाळला की खड्ड्यात पुरतो. तुमचे पाइप सुरक्षित आहेत. कार्यकारिणीच्या परवानगीने यंत्र आता गच्चीवरच्या खोलीत असतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रात्री थांबवल्याने दगडांचं काही बिघडत नाही, फक्त दिवस वाढतात. विजेचं वेगळं मीटर आहे आणि बिल मी भरतो. खजिनदारांनी नोंद घ्यावी.

हा छंद नवा नाही, हेही गुरुजींनीच दाखवलं. गुजरातेत खंबायतचे कारागीर पूर्वी अकीकाचे मणी, अकीकाचीच भुकटी आणि पाणी चामड्याच्या पिशवीत घालून दोघांच्या मध्ये कितीतरी दिवस घोळवत असत. तोच आमचा डबा, फक्त मोटर माणसांची. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की पैठणहून पट्टेदार अकीक आणि तेरहून कापड भडोचच्या बंदराला जात असे. नकाशावर पैठण आणि तेर यांच्यावर पट्टी ठेवा. ती आपल्या बीडजवळून जाते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दगडासाठी परदेशी व्यापारी येत होते, तो आपल्या नदीत आपण तुडवत चालतो.

आता तुम्हाला वाटेल, काका म्हणणार की आपणही एका डब्यातले गोटे, घासून घासून गुळगुळीत झालो. स्मरणिकेत ते शोभलंही असतं. पण माझी वही तसं म्हणत नाही. घासताना प्रत्येकाचं थोडं जातं, आणि मऊ असेल त्याचं सगळं जातं. म्हणून डब्यात टाकण्याआधी ओरखडा काढून बघावा आणि शेजाऱ्याने “झोप नाही” म्हटलं तर त्याच रात्री यंत्र बंद करावं. एवढंच मी पंचाहत्तरीच्या तोंडावर शिकलो. गुरुजी आणि वहिनींची मी त्या वेळी माफी मागितली होती, पण चार भिंतींत. अर्ज सर्वांसमोर आला होता, तेव्हा माफीही सर्वांसमोर मागतो.

दाराजवळच्या टेबलावर तिसऱ्या खेपेचे गोटे ठेवले आहेत. मुलांनी एकेक घ्यावा. ओला करून उजेडात धरा, आतले पदर दिसतील. देवघराच्या फळीवरची जागा मी रिकामीच ठेवली आहे. दुसरा दगड तिथे ठेवावासा वाटत नाही.

दहाची चौदा मिनिटं झाली. सचिवांनी क्षमा करावी.