पाऊल पडतं कुठे?

पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. त्यासाठी आपल्या खानदेशातली पोरं उजाडायच्या आत रस्त्यावर येतात. त्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, महागाचे जाड तळाचे बूट घे, नाहीतर गुडघे जातील. दुसरा म्हणतो, बूट फेकून दे, आपले वाडवडील अनवाणीच होते. दोघांचं भांडण बुटावर आहे. माझ्या मते मूळ प्रश्न पाऊल कुठे पडतं हा आहे. अनवाणी धावण्याचा उपयोग त्याचं उत्तर शिकण्यापुरता आहे. शिकून झाल्यावर बूट घातले तरी काही बिघडत नाही.

हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंचा अभ्यास छापला. लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेकदा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात, बूट घालणारे बहुतेक टाचेवर, असं त्यांना दिसलं. टाच आपटली की जमिनीकडून एक तीव्र धक्का पायात चढतो. चवड्यावर उतरताना घोटा आणि पोटरी लवतात, म्हणून तो धक्का जवळजवळ उमटतच नाही. अनवाणी माणूस असा उतरतो त्याचं कारण साधं आहे. कडक जमिनीवर उघडी टाच दुखते, म्हणून माणूस आपोआप ढांग आखडती घेतो आणि पाऊल गुडघ्याच्या पुढे फेकायचं सोडून अंगाखाली टाकतो. बुटातल्या गादीमुळे ही तक्रार ऐकूच येत नाही. पण मग लाभ अनवाणी असण्याचा की आखडत्या ढांगेचा? २०११ साली संशोधक ब्रायन हायडरशाईट यांनी अमेरिकेत ४५ धावपटूंना त्याच वेगात, फक्त पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवून धावायला लावलं, तर गुडघ्यावरचा भार उतरला. म्हणजे मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर ती १६८ करा. बूट पायात असले तरी चालेल. मिनिटाला १८० पावलं हा आकडा मंत्रासारखा जपण्याचं कारण नाही, कारण उंची आणि वेगाप्रमाणे तो बदलतो.

आता आक्षेप येईल की आपली माणसं जन्मभर अनवाणी चालली, त्यांना कोणी शिकवलं? पण चालताना टाच आधी टेकणं स्वाभाविकच आहे. चालणं म्हणजे सावकाश धावणं नव्हे. आणि उत्तर केनियातल्या दासानाच लोकांवरचा २०१३ सालचा अभ्यास सांगतो की जन्मभर अनवाणी राहिलेली ही माणसंही बेताच्या वेगात बहुतेक वेळा टाचेवरच उतरतात. तेव्हा अनवाणी म्हटलं की ढब सुधारलीच, असं नाही. उदाहरणंही जपून द्यावीत. बारामतीच्या लता करे २०१४ मध्ये नऊवारीत अनवाणी धावून शर्यत जिंकल्या, त्या पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून. सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावल्या, त्यामागेही गरिबीच होती; २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य त्यांनी मिळवलं, ते बूट घालून. त्यांच्या नाइलाजाला आपण शास्त्र म्हणू नये. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, पण १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून त्याने आपली वेळ तीन मिनिटांनी कमी केली.

खरा धोका घाईत आहे. दम वाढायला काही आठवडे पुरतात, पोटरीला त्याहून जास्त लागतात, आणि हाडाला तर महिने. २०१३ साली अमेरिकेतच झालेल्या एका अभ्यासात १९ धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांवर आणलं. त्यांतल्या १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज दिसली. म्हणून नेहमीचा सराव बुटातच करावा आणि तो संपल्यावर दोनशे मीटर अनवाणी धावावं, तेही एक दिवस आड. दर आठवड्याला थोडं वाढवावं. पोटरी जड वाटणं ठीक. पण पावलाच्या वरच्या भागात बोट दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. मैदान मऊ नको, साफ आणि कडक हवं, कारण भुसभुशीत मातीत टाच कुठे पडली हे पायाला कळतच नाही.

खानदेशात आणखी काही गोष्टी येतात. बाभळीचा काटा आहे, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. वैशाखात दुपारचा डांबरी रस्ता पोळून काढतो, तेव्हा अनवाणी सराव फक्त पहाटे करावा. मधुमेहाने पावलं बधिर झालेल्यांनी हा प्रयोग करूच नये, कारण ज्या वेदनेवर सगळी शिकवण उभी आहे, ती त्यांना जाणवतच नाही. आणि भरतीची तारीख लागली असेल, तर त्या पोरांनी आत्ता ढब बदलायला जाऊ नये. ते काम भरती झाल्यावर, पुढच्या हंगामाआधी करावं.