जुनी जीप : आधी कागद, मग ब्रेक, रंग शेवटी

आम्ही पिंपळवंडीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आजचा विषय पापड-लोणच्याचा नाही आणि टोमॅटोच्या भावाचाही नाही. आज बोलायचंय जुन्या जीपबद्दल.

आमच्यातल्या एका ताईंच्या दारात, कांद्याच्या चाळीला लागून, १९६८ सालची जीप उभी आहे. सासऱ्यांनी घेतलेली, पुढे मालकांच्या नावावर झाली. मालक वारले त्याला दीड वर्ष झालं. भंगारवाला दोनदा वजनाचा भाव सांगून गेला. पुतण्या म्हणतो, काकू, मोठी चाकं टाकू, दिव्यांची पट्टी लावू. ताईंचं म्हणणं, ती चालती करू. आळेफाट्याला जायला-यायला होईल, आणि ऊस उभा असताना तिन्हीसांजेला पायी घरी येणं तरी टळेल. बिबट्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. यासाठी त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं. पैसा सगळ्यांचा, म्हणून हो-नाही म्हणायच्या आधी आम्ही सगळ्यांनीच चौकशी केली.

आधी थोडं या गाडीविषयी. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच बनू लागले. आपल्या आया-सासवांना आठवते ती बीडीओसाहेबांची जीप, कुटुंब नियोजनवाल्यांची जीप, निवडणुकीची भोंगा लावलेली जीप, ती हीच. उंच बॉनेटची. आतलं इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं. मग डिझेल स्वस्त म्हणून पुष्कळ जणांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. कुणी आरटीओत नोंद केली, कुणी केली नाही. म्हणून जुनी जीप हातात आली की पहिलं काम पान्याचं नाही, कागदाचं. आरसी बुकातला चासीस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. नंबर गंजाखाली असतो, तो घासताना तारेचा ब्रश जपून मारायचा. नंबरच पुसला तर पुढचं सगळं अडतं. ताईंच्या जीपचे दोन्ही नंबर जुळले. इंजिनही मूळचं पेट्रोलचंच निघालं.

आता दुसरा कागद, आणि यावर आम्हाला जास्त बोलायचंय. गाडी कुणाच्या नावावर आहे? आपल्या गावांत कितीतरी गाड्या अजून वारलेल्या माणसाच्या नावावर फिरतात. नियम असा आहे की मालक वारला तर ज्याच्याकडे गाडी आली त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मुदत टळली तरी नोंद होते, उशिराचा दंड भरावा लागतो. ताईंच्या घरी हे झालंच नव्हतं. दिवसकार्यात कुणाला जीप आठवते? पण उद्या दीर म्हणाले की जीप आमच्या बापाची, तर दुरुस्तीला घातलेलं कर्ज ताईंच्या डोक्यावर आणि गाडी दुसऱ्याच्या दारात. म्हणून गटाने पहिली अट हीच घातली, की गाडी ताईंच्या नावावर झाल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. थोडी कुरकुर झाली. आम्हाला मात्र ही अट कडक वाटत नाही.

पंधरा वर्षांची गाडी सरकार उचलून नेतं, असंही आम्ही ऐकत होतो. ते दिल्लीकडचे नियम. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, वर पर्यावरण कर भरायचा. फी मधूनमधून बदलते, म्हणून एजंटाच्या तोंडी हिशोबावर न जाता आपल्या जुन्नर-आंबेगावसाठी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत खिडकीवर विचारून यायचं.

एका भावाने सुचवलं, व्हिंटेज म्हणून नोंदवा, मान मिळेल. खरंच तसा नियम २०२१ साली आला. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं. ताईंची जीप त्यात बसतेही. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची, एवढंच. आळेफाट्याच्या बाजाराला नाही. हौस आणि पैसा दोन्ही असेल त्याने तसं जरूर करावं. आम्हाला साधी नोंदणीच बरी वाटली. तीही खासगी, म्हणजे घरच्या वापरापुरती. भाडं घेऊन माणसं भरायची नाहीत.

राहिला पुतण्या. हरियाणात मंडी डबवाली म्हणून गाव आहे, तिथे जुन्या जीपवर नवी बांधणी करून देतात. त्याचे व्हिडिओ पोरांच्या मोबाईलवर सारखे असतात. दिसायला झोकात असतात, खोटं कशाला बोला! पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदलता येतो, त्याची आरसीवर नोंद करायची. पुतण्याला समजावलं, बाबा, अपघात झाला आणि विमा कंपनीने बदलावर बोट ठेवलं तर पैसे कुठून आणायचे? तो दोन दिवस रुसला होता. आता सुट्या भागांची यादी तोच करतोय.

यंत्राचं काम कसं करायचं, ते मिस्त्रींबरोबर बसून ठरवलं. सगळ्यात आधी चासीस. पत्रा नवा मिळतो, पण खालचा सांगाडा कुजला असेल किंवा चिरला असेल तर तिथेच थांबायचं. हातोडीने ठोकत जायचं, आवाज बद्द आला की तिथे गंज. मग ब्रेक. चारही चाकांचे ड्रम उघडायचे, सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलायच्या. इंजिनाची सगळ्यांना घाई असते, पण जी गाडी थांबत नाही ती चालू करून काय उपयोग? वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून आत थोडं तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग हाताने हळूहळू फिरवायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल टाकून टाकी धुवायची. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्याच उसाचं म्हणा!), ते जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याला टिकेल असा घ्यायचा. वायरिंग उंदरांनी खाल्लंय, ते सगळंच नवं.

खोलण्याचं काम आमच्या हातचं आहे. सोडवण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, मग नट-बोल्ट बरणीत आणि बरणीला चिठ्ठी. बियाण्याला लावतो तशीच. जोडायच्या वेळी मिस्त्रींचा शोधण्यात वेळ गेला तर त्याचीही मजुरी आपल्यालाच बसते. हूड आणि गाद्या गटातच शिवायच्या ठरल्या. मात्र जाड कॅनव्हासला घरची मशीन पुरत नाही, सुया मोडतात. चामडं शिवायची मशीन भाड्याने आणणार आहोत.

बायकांनी गाडीत कशाला डोकं घालायचं, असं कुणी म्हणेल. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलीही वेल्डिंग शिकतात, आणि जुन्या जीपचे भाग वापरून मेकबुल नावाचा कमी खर्चाचा छोटा ट्रॅक्टरही तिथे तयार झाला. एक दिवस तिकडे जाऊन बघून यायचा आमचा विचार आहे.

कर्ज आम्ही तीन हप्त्यांत मंजूर केलंय. पहिला ताईंच्या नावाची आरसी दाखवल्यावर, दुसरा चासीस बघून मिस्त्रींनी होकार दिल्यावर, तिसरा गाडी उतारावर नीट थांबल्यावर. रंगाला कर्ज नाही, तो ताईंनी कांदा विकून द्यायचा. हिरवा की पांढरा, यावर अजून वाद चालू आहे.