शाळेचे छप्पर आणि मुलांची सूचना

बेळगाव शहराच्या उत्तरेस कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. बैलूरच्या डोंगरात उगम पावणारी मार्कंडेय नदी या भागातून वाहत पुढे घटप्रभेला मिळते. सह्याद्रीचा पाऊस येथे जूनमध्ये येतो आणि जुलैत मुक्काम ठोकतो. नेमक्या याच दिवसांत शाळेचे वर्ग मुलांनी भरलेले असतात आणि याच दिवसांत भिंतींत पाणी मुरते, वासे कुजतात, कौले सरकतात. म्हणून शाळेच्या सुरक्षिततेचा विचार या भागात ऋतुमान पाहूनच करावयास हवा.

अपघात अकस्मात घडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुष्कळ अंशी चुकीची होय. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून 94 मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकघरातली चूल आणि जवळचे शाकारलेले छप्पर ही दोन्ही तेथे रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील पिपलोदी या गावी सरकारी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले दगावली. वरून खडे पडत असल्याचे मुलांनी आधीच सांगितले होते, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. संकट सूचना देऊन येते. परंतु ती सूचना ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुखणे आहे.

कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शाळांच्या इमारती, अग्निशमनाची साधने आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांविषयी आदेश दिले. पण आदेश कितीही चांगला असला, तरी कोणत्या शाळेची कोणती भिंत ओली आहे हे तो सांगू शकत नाही. ते त्या वर्गात बसणाऱ्या मुलालाच प्रथम कळते.

बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. इतक्या विस्तृत क्षेत्रातील सर्व दुरुस्त्या एकाच वर्षी होणे शक्य नाही, म्हणून त्यांचा क्रम लावणे भाग आहे. त्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत: अपघात घडण्याचा संभव किती, आणि घडल्यास हानी केवढी? बाक मोडला तर एखादे मूल खरचटेल. तुळई तडकली तर अख्खा वर्ग गाडला जाईल. तेव्हा शाळेच्या रंगरंगोटीआधी तुळईची दुरुस्ती झाली पाहिजे. ओल्या भिंतीवरचे विजेचे बटण, आहार शिजतो तेथील गॅसची नळी, कठडा नसलेली विहीर यांनाही हीच कसोटी लावावी.

याकरिता प्रत्येक शाळेत एक साधी वही असावी. धोका कोठे दिसला, कोणी सांगितला, कोणत्या तारखेस कोणाला कळविला आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे तीत लिहावे. एप्रिल-मेच्या सुट्टीत मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा समितीचे सभासद यांनी गवंडी व सुतार बरोबर घेऊन इमारत पाहावी. वहीची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी आणि तिची पोच मिळावी. शाळा मराठी असेल तर धोक्याच्या सूचना मराठीतही असाव्यात; मुलाला आणि त्याच्या आईला न वाचता येणारी पाटी कोणाचेही रक्षण करीत नाही.

पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती झाली नाही, तर मुख्याध्यापकाने धोक्याच्या खोलीला कुलूप लावून तो वर्ग दुसरीकडे भरवावा. वरून मंजुरी येण्याची वाट पाहत मुलांना त्या खोलीत बसवू नये, आणि असे कुलूप लावल्याबद्दल त्याला जाबही विचारला जाऊ नये. दाटीवाटीने बसल्यामुळे बुडालेला अभ्यास पुढे भरून काढता येतो. "गुरुजी, वरून माती पडते," असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला गप्प न बसविता त्याच दिवशी त्याचे म्हणणे वहीत उतरवावे.